टॉवेल खांद्यावर

आप्पा गेल्याची बातमी मला खडकावर उभा असताना मिळाली, आणि ती मी उलटी वाचली. उलटी कशी, ते पुढे सांगतो. आधी खडक सांगितला पाहिजे, टॉवेल सांगितला पाहिजे, आणि आप्पा म्हणजे माझे वडील, नव्वदी ओलांडलेला माणूस, फुटबॉलच्या एका टीमपायी जन्मभर जीव टांगून का बसले होते तेही सांगितलं पाहिजे. मी चौथी शिकलेला माणूस आहे. पेपरच्या पुरवणीत लिहिणारे लोक शिकलेले असतात, हे मला माहीत आहे. पण आप्पांवर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच लिहितो.

आमचं घर घाटावर, कर्नाटकाच्या हद्दीत, कुंभारवाड्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका वाडीत. थोडीशी घरं, खाली भाताचे तुकडे, मागे डोंगर. वाडीत मोबाईलला रेंज नाही. घरामागच्या चढावर एक मोठा काळा खडक आहे, त्याच्यावर उभं राहिलं की फोनमध्ये एक काडी येते, कधी दोन. सगळे त्याला रेंजचा खडक म्हणतात. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची, पोरगी बघायला येणाऱ्यांना वाट सांगायची, रामनगरात बियाणं आलं काय विचारायचं, सगळं त्या खडकावरून. आणि गेली काही वर्षं आमच्या टीमची मॅच असली की मी त्या खडकावर, आणि आप्पा खाली अंगणात, फणसाखाली खुर्ची टाकून. माझा मुलगा नामदेव गोव्यात कामाला आहे, तो मैदानावर जाऊन मला फोनवर मेसेज टाकायचा. मी तो वाचायचा आणि खाली कळवायचं. खडकावरून अंगणात हाक पोचत नाही, पण टॉवेल दिसतो. टॉवेल खांद्यावर असला म्हणजे आहे तसं आहे. टॉवेल हातात धरून खाली लोंबता सोडला म्हणजे आपल्यावर गोल झाला. आणि डोक्यावरून गरागरा फिरवला म्हणजे आपण गोल केला. आप्पांचा टॉवेल त्यांच्या काठीला बांधलेला असायचा. माझी खूण कळली की ते काठी उचलायचे. वाडीतली पोरं हसायची, म्हणायची ट्रॅफिक पोलीस उभा राहिला बघा डोंगरावर. हसू देत.

टीमचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात ते कधी कुणी घेतलंच नाही. अंगात जांभळे शर्ट, म्हणून आम्ही म्हणायचो जांभळे. नाव का घ्यायचं नाही, हे ज्यानं शेत राखलंय त्याला लगेच कळेल. आमच्याकडे भात पोटरीला आलं, कणीस धरायला लागलं, की माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर बसावं लागतं. दिवसा वानरं, तिन्हीसांज झाली की डुकरं, एखाद्या वर्षी गवे. माळ्यावर चढलं की जनावराचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. डुकराला ‘तो’ म्हणायचं, गव्याला ‘थोरला’, आणि त्याच्याही वरचा जो आहे त्याच्याबद्दल तर बोलायचंच नाही. पीक चांगलं आलंय असंही म्हणायचं नाही. वाटेवरून जाणाऱ्यानं विचारलं, कसं हाय औंदा शेत, तर सांगायचं, हाय तसं हाय. मी लहान असताना आप्पा दुपारभर माळ्यावर बसत आणि दिवस कलायला लागला की जेवायला खाली उतरत. उतरताना माझ्या हातात काठी देत आणि म्हणत, “घे, तुझ्याकडं.” एवढंच. हे शब्द उच्चारले की पुढे शेतात जे होईल ते माझं. आप्पा जेवून परत येईपर्यंत मी काठी हातातून सोडायचो नाही. झुडूप हललं तरी मी डबा बडवायचो... ते परत येऊन काठी घेत तेव्हा कुठं श्वास सुटायचा.

फुटबॉल आमच्या घरात घाटाखालून आला. आप्पा तरुणपणी गोव्यात मजुरीला जायचे. एकदा त्यांच्या टोळीला एका मैदानाचं गवत कापायला लावलं, आणि काम झाल्यावर मुकादम म्हणाला, आता बसा कडेला आणि बघा. आप्पांनी पहिल्यांदा मॅच बघितली ती अशी, हातात कोयता घेऊन. बाकीचे सगळे चेंडूमागं पळत होते, ते त्यांच्या काही डोळ्यात भरलं नाही. डोळ्यात भरला तो जांभळ्यांचा गोलकीपर. एक माणूस एकटा उभा आहे, सगळं लक्ष त्याच्यावर नाही, पण आत काही शिरलं तर शिव्या त्यालाच. आप्पा घरी येऊन आईला म्हणाले, तिथं बी एक राखण्या असतोय. त्या दिवसापासून जांभळे आमचे झाले. आमच्यावर गोल झाला की आप्पा ‘गोल’ म्हणायचे नाहीत, ‘आत आलं’ म्हणायचे. समोरच्या टीमचंही नाव नाही. कुणीही असो, तो ‘तो’.

मला मिसरूड फुटत होती तेव्हा ते मला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेले. रामनगरहून लाकडाच्या ट्रकमध्ये पाठीमागं बसून घाट उतरलो. मॅच शेवटाला आली तेव्हा जांभळे एका गोलनं पुढे होते, आणि आप्पांनी काय करावं... मैदानाकडे पाठ फिरवली. मला म्हणाले, तू बघ, मी माणसं बघतो. आणि खरंच ते मैदान सोडून लोकांची तोंडं बघत उभे राहिले. मधूनच विचारायचे, काय? मी म्हणायचो, हाय तसं हाय. शेजारी एक जाडसर गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा खात होता, तो एकदम उठून ओरडला की जिंकलो. आप्पांनी त्याचा दंड धरला.

“शिट्टी झाली काय?”

तो त्याच्या कोंकणीत म्हणाला, होईल की आता, तुझं काय जातंय?

“माझं शेत जातंय,” आप्पा म्हणाले.

आणि तेवढ्यात आत आलं. सगळं मैदान गप्प झालं. आप्पा वळले नाहीत, त्यांना तोंडांवरूनच कळलं होतं. त्या माणसाकडे बघून शांतपणे म्हणाले, “खाल्लं बघ.” त्या दिवशी मला मॅच कशी बघायची ते कळलं. शेवटच्या घटकेला राखण्या सैल पडतो, आणि पीक जातं ते त्याच घटकेला. शिट्टी होईपर्यंत काही म्हणायचं नाही.

पुढे रेडिओ आला, त्यावर गोव्याच्या मॅचची कॉमेंट्री लागायची. मधेच खरखर सुरू झाली की आम्ही दोघं बापलेक रेडिओ छातीशी धरून अंगणात फिरायचो, इथं लागतोय काय, तिथं लागतोय काय. माझं लग्न ठरलं त्या बैठकीत मॅच चालू होती, आणि व्याही देण्याघेण्याचं विचारत होते तेव्हा आप्पांचा कान माजघराकडे होता. व्याह्यांनी विचारलं, मग पसंत हाय न्हवं? आप्पा म्हणाले, हाय तसं हाय. ते लग्न मोडता मोडता राहिलं. माझी बायको जिवंत होती तोवर हे ऐकवायची.

मग रेडिओवरची कॉमेंट्री बंद पडली, फोन आले, आणि मी खडकावर गेलो. माझी गुडघ्याची तक्रार आहे, सगळे म्हणायचे आता कशाला चढता. मी कुणाचं ऐकत नाही. खरं सांगायचं तर वर उभं राहून वाट बघणं हे माळ्यावर काठी धरून बसण्यासारखंच होतं. रेंज गेली की वाटायचं, आता आत आलं असणार. मेसेज आला की उघडायला बोट धजत नसे. आणि खाली आप्पा, एवढासा पांढरा ठिपका, माझ्याकडे तोंड करून बसलेले... मैदानाकडे ज्यानं पाठ फिरवली तो माणूस माझ्या टॉवेलकडे मात्र सरळ बघायचा.

यंदा टीमचे हाल होते. चांगली पोरं दुसरीकडे गेली. हंगाम संपत आला तेव्हा अशी वेळ आली की शेवटची मॅच जिंकली तर वरच्या वर्गात राहणार, नाहीतर खालच्या वर्गात ढकलणार. खालच्या वर्गात गेलेली टीम परत वर येते असं फार दिसत नाही, काही तर बंदच पडतात. आप्पांना हे सगळं ठाऊक होतं. त्याच दिवसांत त्यांचा दम वाढला. रामनगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, आप्पांनी ते घरात घेऊ दिलं नाही. विचारलं की ‘तो’ म्हणायचे. तो आज जरा लांब हाय. तो आज कुंपणापाशी आलाय.

शेवटच्या मॅचच्या दिवशी तो कुंपणाच्या आत होता. काजूचा हंगाम सरत आला होता, ऊन तापलेलं, आणि आप्पा खुर्चीत पुढे वाकून श्वास ओढत होते. मी म्हणालो, “आप्पा, आज मॅच ऱ्हाऊ दे. मी गाडी बोलवतो, दवाखान्यात जाऊ.”

आप्पा थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, “गाडी बोलवायला बी खडकावरच जायाला पायजे न्हवं?”

“व्हय.”

“मग जातोयसच तर टावेल घिऊन जा.”

मला हसू आलं आणि रागही आला. सुनेला, मंगलला, त्यांच्यापाशी बसवलं आणि मी निघालो. अंगणाच्या कडेला पोचलो तर त्यांनी हाक मारली. मी वळलो. काठी त्यांनी हातातच ठेवली होती, पण म्हणाले, “घे, तुझ्याकडं.” शेवटचं माळ्यावर ऐकलं होतं त्याला किती वर्षं झाली असतील.

वर जाऊन गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, गणेशगुडीला पाहुणे सोडतोय, मोकळा झालो की फोन करतो, तुम्ही रेंजमध्येच थांबा. म्हणजे आता खडक सोडता येईना. खाली उतरलो तर गाडीचा फोन चुकणार, वर थांबलो तर खाली काय होतंय ते कळणार नाही. दोन राखणी एकाच वेळी. मी फोनकडे बघायचो, मग आप्पांकडे, मग फोनकडे. टॉवेल खांद्यावर. मॅच सुरू झाली, बराच वेळ काही झालं नाही, गाडीवाल्याचाही पत्ता नाही. मग नामदेवचा मेसेज आला, आपला गोल झाला. मी टॉवेल फिरवला, हात दुखेपर्यंत फिरवला. खाली काठी वर उठली. नेहमीसारखी उंच नाही, पण उठली. मी टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि वाट बघत उभा राहिलो. मॅचची थोडीच मिनिटं उरली होती. रेंज जात होती, येत होती.

आणि खाली बघतो तर मंगल अंगणाच्या मधोमध उभी राहून दोरीवर वाळत घातलेला टॉवेल डोक्यावरून गरागरा फिरवत होती.

मला वाटलं, दुसरा गोल झाला. खरंच वाटलं. आता भीती नाही, असं वाटून मी त्या खडकावर एकटाच हसलो. मग ध्यानात आलं की खाली रेंज नाही. गोलची बातमी वरून खाली जाते, खालून वर येत नाही... मग मी उतरायला लागलो. गुडघे कुठं होते मला ठाऊक नाही.

आप्पा खुर्चीतच होते. काठी मांड्यांवर आडवी. मंगल सांगत होती, ते तुमच्याकडेच बघत होते, तुम्ही टॉवेल फिरवलात तेव्हा त्यांनी काठी उचलली. तिनं विचारलं, आज्जा, काय झालं तिथं? तर म्हणाले, हाय तसं हाय. आणि थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, अजून शिट्टी व्हायचीया. ती घरात नवी, तिला आमच्या खुणा माहीत नव्हत्या. त्या आम्हा दोघांच्यातच होत्या. मला टॉवेल फिरवताना तिनं नुकतंच बघितलं होतं, तर तिला वाटलं हाक मारायची रीत अशीच असेल. तिचं काय चुकलं?

समाचाराला आलेले लोक म्हणत होते, बरं झालं, टीम पुढे आहे हे बघून गेले. ज्यानं कधी शिट्टीआधी ‘जिंकलो’ म्हणू दिलं नाही, त्याला मी मधेच कसं जिंकलेलं म्हणू? त्या उरलेल्या मिनिटांत काय झालं ते मला माहीत नाही. आजपर्यंत माहीत नाही. नामदेव त्याच दिवशी घरी आला. मी आप्पांसारखा त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, तोंडावर काही दिसतंय काय म्हणून. तो हुशार, तोंड फिरवून बसला.

“बाबा, सांगू काय?”

“न्हाई.”

“कवातरी कळणारच हाय की.”

“कळू दे. तवर राखण माझ्याकडं हाय.”

नंतर एकदा शेजारच्या घरी चहाला बसलो होतो, तिथं एकजण त्या दिवशी गोव्यात असं झालं म्हणून सुरुवात करायला लागला. मी भरला कप तसाच ठेवून उठलो. बाजाराला रामनगरला जातो तेव्हा फोन घरी ठेवून जातो. लोकांना हा हट्ट वाटतो. वाटू दे. जग पुढे गेलं, मॅच केव्हाच संपली, एवढी अक्कल मला आहे. पण आप्पा राखण माझ्या हाती ठेवून गेले तेव्हा एक गोल आपला होता. विचारलं नाही तोवर तो आहे. विचारायचं आणि आत आलेलं निघायचं, मग मी आप्पांना काय सांगू? ही पुरवणी वाचणाऱ्यांत कुणाला त्या मॅचचं ठाऊक असेल तर त्यांनी कृपा करून गप्प राहावं.

आता भाताचा तरवा लावून झाला आहे. परवा मंगल चुलीपाशी बसून म्हणाली, “मामा, पाऊस सरला की मॅची सुरू व्हणार. तुमी खडकावर जाऊन टावेल कुणाला दावणार?”

मी म्हणालो, कुणाला नाही, जाणारच नाही.

“मी बसते की अंगणात. खुर्चीत न्हाई, पायरीवर बसते. पण मला खुणा शिकवा.”

मंगल हल्याळकडची. तिची शाळा कन्नड, ती मराठी आपल्यासारखी बोलते पण वाचत नाही, म्हणूनच मी इथं हे लिहू शकतो. खुणा शिकवायच्या तर फिरवलेल्या टॉवेलचा अर्थ सांगावा लागणार. मग आज्जा गेल्याचं आपण सासऱ्याला कुठल्या खुणेनं सांगितलं ते तिला कळणार, आणि ते एकदा कळलं की ती जन्मभर तेच डोक्यात घेऊन बसेल. तिला ओळखणाऱ्यांनी हे तिला वाचून दाखवू नये, ही दुसरी विनंती.

मी टॉवेल घेतला. खांद्यावर टाकून दाखवला, हे म्हणजे आहे तसं आहे. खाली लोंबता धरून दाखवला, हे म्हणजे आत आलं.

“आनि आपला गोल झाला की?”

मी टॉवेलची दोन टोकं दोन हातांत धरली आणि छातीसमोर आडवा ताणला. ही खूण त्याच क्षणी तयार केली.

“त्या दिशी तर तुमी फिरवत हुतासा.”

“ती खूण बंद झाली.”

“का?”

“बंद म्हंजे बंद.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग बरं म्हणाली, आणि उठून तीन खुणा तीन वेळा करून दाखवल्या, शाळेतल्या पोरीसारख्या.

काल पावसानं उघडीप दिली तेव्हा ती म्हणाली, एकदा खरोखर करून बघू, मला पायरीवरून दिसतंय काय ते कळू दे. आप्पांची काठी अजून फणसाला टेकून होती, टॉवेल बांधलेलाच. ती तिनं घेतली. माझा सदरा खुंटीवरून काढून दिला. मी चढलो. वाट निसरडी झाली आहे, मधे मधे थांबावं लागलं. त्या दिवसानंतर खडकावर पाय ठेवला तो पहिल्यांदाच. खाली अंगण दिसलं, रिकामी खुर्ची दिसली, आणि पायरीवर मंगल, हातात काठी.

आणि खिशात फोन थरथरला. मंगलनं चार्ज करून सदऱ्यात ठेवला होता, मला पत्ता नव्हता. एक थरथर, मग दुसरी, मग लागोपाठ, इतके दिवस बाहेर थांबलेले सगळे मेसेज एकदम आत यायला लागले... त्यातला एक त्या उरलेल्या मिनिटांतला असणार. मी खिशावर हात दाबून धरला. फोन हाताखाली जिवंत जनावरासारखा हलत होता.

खाली मंगल वाट बघत होती. मी दुसऱ्या हातानं टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला.

खाली काठी वर उठली.